गेम खेळता खेळता थेट ल मॉन्सला!

काय दोस्ता, रेसिंगचा गेम रंगात आला की घरून हाक येते ना? "पुरे झालं ते गाड्या पळवणं! त्यातून काय मिळणार आहे?" येतेच! मग आज एका मुलाची गोष्ट ऐक. अगदी खरीखुरी!

त्याचं नाव जॅन मार्डनबरो. ब्रिटनमधल्या कार्डिफचा. लहानपणी त्यानं थोडं कार्टिंग केलं होतं, म्हणजे बुटक्या, उघड्या गाड्यांची शर्यत. पण ते लवकरच सुटलं. मग उरला घरचा गेम, 'ग्रान टुरिस्मो'!

2011 साली या गेमची एक स्पर्धा झाली. बक्षीस काय, ओळख पाहू? रेसिंग ड्रायव्हर व्हायचं खरं प्रशिक्षण! खेळायला उतरले सुमारे 90 हजार जण. जिंकलं कोण? 19 वर्षांचा जॅन!

थांब, खरी गंमत पुढेच आहे. 2013 साली जॅन फ्रान्समधल्या ल मॉन्सच्या शर्यतीत उतरला. ही शर्यत चालते किती वेळ? चक्क 24 तास! एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीनं चालवायचं. जॅनच्या जोडीला होता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ. आणि तो कुठून आला होता? तोही गेममधूनच! 2008 च्या पहिल्या स्पर्धेचा विजेता. म्हणजे तिघांतले दोघं गेमवाले! तरी त्यांची गाडी त्यांच्या गटात तिसरी आली.

आता तू म्हणशील, नुसती बटणं दाबून गाडी कशी येईल? नाहीच येणार! त्यासाठी असतो सिम्युलेटर. हातात खरं वाटावं असं स्टिअरिंग, पायाशी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. स्टिअरिंगच्या आत एक मोटर दडलेली असते. पडद्यावरच्या टायरवर किती जोर पडतोय, याचा हिशेब कॉम्प्युटर सतत करत असतो, आणि मोटर त्या प्रमाणात स्टिअरिंग पिळते. पुढचे टायर घसरू लागले, की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. डोळ्यांच्या आधी हातांना कळतं!

आणि टायरचं गुपित माहीत आहे? एवढी मोठी गाडी, पण एकेका टायरचा जमिनीला टेकलेला भाग असतो साधारण तळहाताएवढा! बस्स! गाडी थांबवायची, वळवायची, ती याच चार तळहातांच्या भरवशावर.

या टायरची पकड म्हणजे डब्यातली शेवटची पोळी समज. वाटेकरी दोन, ब्रेक आणि वळण. ब्रेकनं सगळी पोळी खाल्ली, तर वळणाला काय उरणार? काहीच नाही! तू स्टिअरिंग फिरवतोयस आणि गाडी आपली सरळच चाललीय! म्हणून शर्यतीतले ड्रायव्हर सरळ रस्त्यावरच जोरात ब्रेक दाबतात. मग वळताना तो हळूहळू सोडतात. जसजशी ब्रेकची पोळी कमी, तसतशी वळणाची जास्त! चांगल्या गेममध्ये हे चुकलं की गाडी गेलीच मातीत. पुन्हा सुरुवात. खरचटत नाही आणि टायरचा खर्चही नाही!

डोळ्यांनाही शिस्त लागते हं. ताशी 200 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात 55 मीटर जाते. म्हणजे खो-खोची दोन मैदानं, एकापुढे एक, एका सेकंदात पार! अशा वेळी बॉनेटसमोर बघून काय उपयोग? नजर लांब, पुढच्या वळणावर हवी.

मग गेम सगळंच शिकवतो का? छे! एसटीनं करकचून ब्रेक मारला की तू पुढच्या सीटवर आपटतोस ना? वळणावर शेजारच्याच्या अंगावर जातोस? घरच्या खुर्चीत यातलं काही होत नाही. शरीराला बसणारा तो हिसका, मानेवरचा ताण, पोटातला गोळा, हे सगळं खऱ्या गाडीतच कळतं. शिवाय रस्त्यावर अचानक समोर येणारी म्हैस कुठल्या रेसिंग ट्रॅकवर भेटणार? म्हणूनच स्पर्धा जिंकल्यावरही जॅनला खऱ्या गाडीत बसून सगळं शिकावं लागलं. आणि आपल्याकडे कारचं लायसन्स 18 वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, बरं का!

जाता जाता एक कोडं. 2023 साली जॅनच्या आयुष्यावर सिनेमा आला. जॅनचं काम एका नटानं केलं. पण शर्यतीच्या थरारक दृश्यांत त्या नटाच्या जागी गाडी चालवायला कोणाला बोलावलं असेल?

खुद्द जॅन मार्डनबरोला!