घाटात कोणतं नेव्हिगेशन खरं : गाडीतलं, काचेवरचं की फोनमधलं?

नवी गाडी घेताना वरच्या व्हेरियंटच्या बाजूने जी कारणं सांगितली जातात, त्यात 'इनबिल्ट नेव्हिगेशन' हमखास असतं. दुसरा पर्याय म्हणजे काचेला चिकटवायचं सुटं जीपीएस युनिट. एकेकाळी लांबच्या प्रवासाला निघणारे लोक हौसेने ते विकत घेत. तिसरा पर्याय प्रत्येकाच्या खिशात आहे. शहरात या तिन्हींतला फरक फारसा कळत नाही. सरळ रस्ते, भरपूर नेटवर्क, चुकलंच तर पुढच्या चौकातून वळता येतं. फरक कळतो तो माथेरानसारख्या ठिकाणी. पायथ्याचं नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे चाळीस मीटरवर आणि माथेरान आठशेच्या आसपास. ही सगळी चढण जेमतेम आठेक किलोमीटरच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर संपते. फोनचं नेटवर्क मध्येच दगा देतं. आणि रस्त्याच्या शेवटी जे येतं ते माथेरान नसतं, दस्तुरी नाका असतो.

या प्रवासाच्या निमित्ताने नेव्हिगेशनबद्दलचे काही पक्के बसलेले समज तपासून पाहू. गाडी घेताना पैसे कुठे घालायचे, हे त्यातूनच ठरतं.

गैरसमज : नेटवर्क गेलं की जीपीएस बंद पडतं

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महाग पडणारा समज आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत आपली वेळ व आपलं स्थान सांगणारे संकेत पाठवत असतात. गाडीतलं किंवा फोनमधलं यंत्र हे संकेत फक्त ऐकतं. आकाशवाणी लागलेली असताना आपला रेडिओ आकाशवाणीला काही कळवत नाही, तसंच हे. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र स्वतःची जागा काढतं. यात मोबाइल टॉवरचा काही संबंध नाही, सिमकार्डाचा नाही आणि डेटा पॅकचाही नाही.

मग घाटात फोनवरचा नकाशा कोरा का पडतो? कारण जागा सांगणं आणि नकाशा दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. उपग्रह फक्त 'तू कुठे आहेस' हे कळायला मदत करतात. तिथे रस्ता कोणता, वळण कुठे, पेट्रोल पंप कुठे, ही माहिती नकाशात असते. फोनमधलं ॲप ती चालू प्रवासात इंटरनेटवरून ओढत असतं. नेटवर्क गेलं की निळा ठिपका जागेवरच असतो, पण त्याच्याखालचा कागद कोरा होतो. गाडीत मुळात बसवलेल्या नेव्हिगेशनमध्ये आणि सुट्या युनिटमध्ये देशाचा नकाशा यंत्राच्या स्वतःच्या मेमरीत असतो, म्हणून त्यांना घाटात अडत नाही. फोनलाही अडू नये अशी सोय आहे : निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवायचा. कर्जत, खालापूर आणि पनवेल हे तिन्ही तालुके त्यात येतील एवढा चौकोन घ्यावा. हे करायला काही मिनिटं लागतात आणि पैसे अजिबात लागत नाहीत. असा उतरवलेला नकाशा ठरावीक मुदतीनंतर जुना होतो, तेव्हा निघण्यापूर्वी तो ताजा करून घ्यावा.

या समजाला थोडा आधार आहे, तोही सांगायला हवा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या अतिशय मंद गतीने पाठवतो. एका उपग्रहाची आवश्यक माहिती मिळायलाच अर्धा मिनिट लागतो आणि सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मागवतो, म्हणून तो चटकन जागेवर येतो. अनेक महिने कपाटात पडलेलं सुटं युनिट बाहेर काढलं, की सुरुवातीला ते काही मिनिटं चाचपडतं. ते बिघडलेलं नसतं. उघड्या आकाशाखाली गाडी थांबवून त्याला थोडा वेळ द्यावा आणि मगच निघावं.

गैरसमज : 'माथेरान' टाकलं की गाडी माथेरानला पोहोचते

इथे यंत्र कोणतं आहे याने काहीच फरक पडत नाही, आणि सर्वाधिक मनस्तापही इथेच होतो. माथेरानात खासगी मोटारींना प्रवेश नाही. ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि गावातल्या मोटारबंदीला कायद्याचं बळ मिळालं. रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक गाड्या आणि डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक स्वरूपात आलेल्या ई-रिक्षा एवढाच अपवाद. तुमची गाडी दस्तुरीच्या वाहनतळावर थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर दूर आहे. चालत, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल गाडीने जायचं.

नेव्हिगेशनला मात्र 'गाव' म्हणजे नकाशावरचा एक बिंदू, आणि माथेरानचा बिंदू बाजारपेठेच्या आसपास पडतो. तिथे मोटार जात नाही म्हटल्यावर मार्ग काढणारी यंत्रणा त्या बिंदूला सगळ्यांत जवळचा, मोटार जाऊ शकेल असा रस्ता शोधते. हे जवळपण ती सरळ रेषेत मोजते, चढ मोजत नाही. माथेरानचं पठार लांबट आहे आणि त्याच्या चारही अंगांना पायथ्याची गावं आहेत. दक्षिणेला खालापूर तालुक्यातलं चौक, पनवेलच्या बाजूला धोदाणी, कर्जतच्या बाजूला भिवपुरी. नकाशावर ही गावं पठाराला अगदी खेटून दिसतात. मध्ये मात्र शेकडो मीटरचे कडे आणि पायवाटा. हॉटेलचा किंवा दक्षिणेकडच्या एखाद्या पॉइंटचा बिंदू टाकला, तर यंत्र भलत्याच पायथ्याशी नेऊन 'आपण पोहोचलात' असं सांगू शकतं. जुना नकाशा असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

चौकचा पायथा खोटा आहे असं मात्र नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकला तळ ठोकून होते, आणि तिथूनच ते वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले. माथेरानची पुढची सगळी कहाणी तिथून सुरू झाली. ती वाट आजही आहे, पण ती पायांसाठी आहे. नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली आणि येण्याजाण्याचा मुख्य मार्ग नेरळचा झाला. मोटारींचाही तोच एक मार्ग आहे.

तेव्हा गाडीत, युनिटमध्ये किंवा फोनमध्ये कुठेही असो, मुक्कामाचं ठिकाण म्हणून दस्तुरी नाक्याचं वाहनतळ टाका. ते नाव सापडलं नाही तर अमन लॉज स्थानक टाका. पोहोचण्याची वेळ जी दिसेल ती दस्तुरीपर्यंतची असेल, त्यात वरच्या पायपिटीचा वेळ स्वतः मिळवा. वृद्ध आईवडील किंवा लहान मूल बरोबर असेल आणि संध्याकाळ झाली असेल, तर या वेळेचं महत्त्व फार आहे.

गैरसमज : कंपनीने बसवलेलं ते सगळ्यांत अचूक

यात अर्धं सत्य आहे. गाडीत मुळात बसवलेल्या चांगल्या नेव्हिगेशनला चाकांच्या वेगाची आणि गाडी किती वळली याची माहिती गाडीकडूनच मिळते. उपग्रह दिसेनासे झाले तरी त्यावरून ते जागेचा अंदाज चालू ठेवतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण, माडप किंवा खंडाळ्याच्या बोगद्यात फोनचा बाण कधी थबकतो, कधी भरकटतो. गाडीतलं यंत्र शांतपणे पुढे सरकत राहतं. घाटातही हा गुण उपयोगी पडतो. उघड्या आकाशाखाली फोनची चूक पाचेक मीटरची असते. एका बाजूला कडा आणि वर गच्च झाडी आली, की ती वाढते, कारण निम्मं आकाश झाकलेलं असतं आणि काही संकेत कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात. नेरळच्या घाटात वळणाचे दोन पदर एकमेकांच्या वर-खाली इतके जवळ आहेत की तेवढ्या चुकीने बाण एका पदरावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

पण जागा अचूक असणं वेगळं आणि नकाशा बरोबर असणं वेगळं. गाडी दहा-बारा वर्षं वापरली जाते. तिच्यातला नकाशा ती कारखान्यातून निघाली त्याच्याही आधीचा असतो. काही कंपन्या ठरावीक वर्षं फुकट अपडेट देतात, नंतर पैसे मागतात. बरेच मालक पहिल्या वर्षानंतर ते करतच नाहीत. आणि आपल्याकडे रस्ते झपाट्याने बदलतात. द्रुतगती मार्गावर खोपोलीपासून कुसगावपर्यंत आखलेली 'मिसिंग लिंक' तेरा किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यात प्रचंड बोगदे आहेत. जुन्या नकाशाच्या लेखी असा रस्ता नसतोच. गाडी त्यावरून धावत असताना पडद्यावरचा बाण डोंगरातून चाललेला दिसतो आणि यंत्र मागे वळायला सांगत राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : तीन वर्षं अपडेट न केलेल्या महागड्या इनबिल्ट नेव्हिगेशनपेक्षा काल रात्री नकाशा उतरवलेला साधा फोन बरा.

गैरसमज : पडद्यावर नकाशा दिसतो, म्हणजे गाडीत नेव्हिगेशन आहे

अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले असलेल्या गाडीत पडदा गाडीचा असतो, नकाशा फोनचा. केबल काढली किंवा बिनतारी जोडणी तुटली की नकाशा गेला. गाडी घेताना ही चाचणी जरूर करा : फोन जोडू नका आणि पडद्यावर नेरळ शोधून मार्ग मागा. मार्ग आला तर नेव्हिगेशन गाडीचं आहे. मग विचारा, नकाशे कोणाचे, अपडेट किती वर्षं फुकट आणि ते घरी करता येतात की वर्कशॉपमध्येच. उत्तर गुळमुळीत मिळालं, तर निव्वळ नेव्हिगेशनसाठी वरचं व्हेरियंट घेण्यात अर्थ नाही.

गैरसमज : सुटं युनिट आता कुणी घेत नाही, आणि 'जीपीएस' सगळं सारखंच

बाजारात नुसतं 'गाडीसाठी जीपीएस द्या' म्हटलं, तर आज बहुधा ट्रॅकर मिळेल. ट्रॅकर गाडी कुठे आहे ते मालकाला कळवतो, चालकाला रस्ता दाखवत नाही. टॅक्सी आणि बसगाड्यांमध्ये असं उपकरण बसवणं नियमाने आवश्यक झालं, त्यामुळे हा घोळ वाढला. ट्रॅकरला सिमकार्ड लागतं, नेव्हिगेशन युनिटला लागत नाही. ऑर्डर देण्याआधी पडदा आहे का आणि नकाशा आत आहे का, हे पाहा.

खरं सुटं युनिट मागे पडलंय हे मान्य. मॅपमायइंडिया आणि गार्मिनची युनिटं पूर्वी सहज मिळत, आता शोधावी लागतात. तरी काही लोकांसाठी ते अजून उत्तम आहे. घरात दोन-तीन गाड्या असतील, जुनी पण धडधाकट गाडी असेल, किंवा वर्षातून अनेकदा नेटवर्क नसलेल्या भागात जाणं होत असेल, तर एक युनिट सगळ्या गाड्यांत चालतं. ते काचेवरच्या उन्हासाठीच बनवलेलं असतं. फोन मे महिन्यात डॅशबोर्डवर तापला की पडदा मंद करतो, कधी बंदही पडतो. गैरसोयी अशा की ते प्रत्येक वेळी काढून ठेवावं लागतं, नाहीतर चोरीची भीती, आणि अपडेटसाठी संगणकाला जोडावं लागतं. काचेवर ते खाली, कोपऱ्यात लावा. घाटात वळणापलीकडचं पाहायला समोरची पूर्ण काच मोकळी हवी.

गैरसमज : नेव्हिगेशनसाठी फोन हातात धरला तर चालतो

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. मांडीवर ठेवलेला फोन त्यात बसत नाही. स्टँड लावा. नेरळ सोडल्यावर तर मी म्हणेन आवाजही बंद करा. रस्ता एकच आहे, चुकायला फाटा नाही. तिथे पडद्याकडे गेलेली नजर घातक आहे. गिअर खालचा ठेवा, उतरताना चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, कारण नियमही तोच आहे आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं अवघड असतं. या घाटात रोज फेऱ्या करणारे नेरळचे टॅक्सीवाले वळणं तोंडपाठ ओळखतात. चढावर गाडी चालवायची सवय नसेल, तर गाडी नेरळला लावून त्यांच्या टॅक्सीने वर जाणं हा शहाणपणाचा निर्णय आहे.

एक गोष्ट वर पोहोचल्यावरची. माथेरानात तीसहून अधिक पॉइंट आहेत, आणि तांबड्या मातीच्या वाटा झाडीत एकसारख्या दिसतात. गूगलचा उतरवलेला ऑफलाइन नकाशा मोटारीचा मार्ग दाखवतो, पायी चालण्याचा मार्ग नेटवर्कशिवाय देत नाही. त्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्ससारखं ॲप आधीच उतरवून ठेवावं. त्यात पायवाटाही असतात आणि ते पूर्णपणे ऑफलाइन चालतं.

आता निवड. गाडीत मुळात नेव्हिगेशन असेल तर त्याचा नकाशा अपडेट करून घ्या आणि बोगदे-घाटांसाठी ते जरूर वापरा. नसेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. फोन जोडता येणारा पडदा, पक्का स्टँड, चार्जर आणि उतरवलेला नकाशा एवढं बहुतेक कुटुंबांना पुरतं. सुटं युनिट घ्यायचं ते सतत आडवाटांनी फिरणाऱ्यांनी. आणि तिन्हींपैकी काहीही असलं, तरी या सहलीसाठी मुक्कामाच्या रकान्यात 'माथेरान' लिहू नका, 'दस्तुरी' लिहा.