लॅक्टिक ॲसिडवरचा शंभर वर्षांचा आळ

सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली की दुसऱ्या दिवशी धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तक्रारी सुरू होतात. मांड्या धरल्यात, जिना उतरवत नाही, खाली बसलं तर उठवत नाही. त्याखाली कुणीतरी जाणकार ठामपणे लिहितो, "लॅक्टिक ॲसिड साठलंय. मसाज घ्या, निघून जाईल." जिममधले ट्रेनर हेच सांगतात, शाळेतले पीटीचे सर हेच सांगतात, आणि सिंहगड उतरून आलेल्या प्रत्येक टोळक्यात हे सांगणारा एक जण असतोच.

हे विधान चूक आहे. थोडंफार नव्हे, सपशेल चूक आहे. ते चूक असल्याचं निदान चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तरीही ते इतक्या खात्रीने सांगितलं जातं की आता त्याचा राग येतो, कारण या एका चुकीवर पुढचे सगळे उपाय आणि खर्च उभे राहतात.

आधी नुसतं घड्याळ बघू. आराम करत असलेल्या माणसाच्या रक्तात लॅक्टेटचं (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) प्रमाण लिटरला साधारण १ मिलिमोल असतं. ४०० मीटर जीव तोडून धावलं तर ते १५ ते २०पर्यंत चढतं. हाफ मॅरेथॉनच्या वेगात ते याच्या आसपासही जात नाही, कारण तेवढं चढू दिलं तर २१ किलोमीटर धावताच येणार नाहीत. आणि थांबल्यावर तास-दीड तासात ते पुन्हा जवळपास मूळ पातळीला येतं. शर्यत रविवारी सकाळी संपली असेल, तर दुपारच्या जेवणाला बसेपर्यंत हा विषय मिटलेला असतो. दुखणं मात्र रविवारी रात्री किंवा सोमवारी सुरू होतं आणि सोमवार ते बुधवार, म्हणजे २४ ते ७२ तासांनी, सर्वांत जास्त असतं. जो पदार्थ रविवारी दुपारीच गेला, तो मंगळवारी पाय कसा दुखवेल?

एवढ्याने पटत नसेल तर १९८३ सालचा एक प्रयोग बघा. श्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं. एकदा सपाट पट्ट्यावर, एकदा १० टक्के उतारावर. सपाटीवर पळताना रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, पण पुढचे दोन-तीन दिवस पाय चांगलेच दुखले. आरोपीला निर्दोष ठरवायला याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

त्याहून बोलका पुरावा एका आजारात आहे. १९५१ साली लंडनमध्ये ब्रायन मॅकार्डल या डॉक्टरांनी एका रुग्णाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या रुग्णाच्या स्नायूंना साठवलेलं ग्लायकोजेन फोडता येत नव्हतं, त्यामुळे व्यायाम करूनही लॅक्टेट वाढत नव्हतं. लोकसमजुतीप्रमाणे अशा माणसाला न दुखता, न थकता पळता यायला हवं. प्रत्यक्षात मॅकार्डलच्या आजारात थोड्या श्रमातच स्नायू दुखतात, कडक होतात, गोळे येतात. साठवलेलं इंधन वापरता न येणं हेच या लोकांचं दुर्दैव आहे.

मग दुखतं कशाने? उत्तर उतारात आहे. साताऱ्याच्या शर्यतीत जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि येताना तोच उतरायचा असतो. चढताना धाप लागते, म्हणून दोष चढाला दिला जातो. पाय मोडतो तो उतार. एक पायरी उतरताना काय होतं ते सावकाश करून पाहा. वरच्या पायरीवर राहिलेला पाय गुडघ्यात वाकत जातो, मांडीचा पुढचा स्नायू लांबत जातो, आणि लांबत असतानाच तो जोर लावून शरीराचं वजन तोलत असतो. आकसू पाहणारा स्नायू वजनामुळे ताणला जातो. अशा कामात त्याच्या आतल्या सूक्ष्म तंतूंना इजा होते. १९८१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना जिने उतरायला लावलं, त्यांच्या पायाच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा एरवी शिस्तीत असणारे तंतूंमधले आडवे पट्टे विस्कटलेले दिसले. या इजेनंतर शरीराची डागडुजी सुरू होते, सूज येते, तिथली मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा येतं. इजा किती आणि दुखणं किती, यांचं प्रमाण मात्र सरळ नसतं. त्यामुळे फार दुखतंय म्हणजे व्यायाम फार चांगला झाला, हेही खरं नाही.

सवयीनं हे दुखणं कमी होतं. तोच उतार काही आठवड्यांच्या आत पुन्हा उतरला तर निम्म्यानेही दुखत नाही, कारण स्नायू त्या कामाला सरावलेला असतो. रोज जोर-बैठका मारणारा पैलवान तक्रार करत नाही आणि सहा महिन्यांनी कळसूबाईला गेलेला माणूस चार दिवस लंगडतो, त्याचं कारण हेच. शर्यतीच्या तयारीत उतारावरचा सराव थोडाथोडा वाढवत ठेवणं हा या दुखण्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तो फारसा कुणी सांगत नाही.

आता हा आळ लॅक्टिक ॲसिडवर आला कसा? १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे कापलेले स्नायू विजेच्या झटक्यांनी दमवले. ऑक्सिजन नसताना त्यांत लॅक्टिक ॲसिड साठलं, ऑक्सिजन दिल्यावर कमी झालं. पुढे मायरहोफ आणि ए. व्ही. हिल यांनी स्नायूंच्या रसायनशास्त्रावर मोलाचं काम केलं आणि १९२२चं नोबेल मिळवलं. या संशोधनात खोट नव्हती. पण रक्तपुरवठा तुटलेल्या बेडकाच्या पायातलं निरीक्षण पुढच्या पिढ्यांनी जिवंत, धावत्या माणसाला जसंच्या तसं लावलं. दमलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड सापडलं, म्हणून दमणूक त्यानेच आणली असं ठरलं. मग दमणूक आणि दोन दिवसांनंतरचं दुखणं यांचीही गाठ मारली गेली. खेदाची गोष्ट म्हणजे, या दुखण्याचं मूळ स्नायूंच्या आतल्या फाटण्यात असावं असं थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं. खरं उत्तर आधी आलं होतं. पाठ झालं ते चुकीचं.

लॅक्टेटची खरी ओळख पटवून दिली ती मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी. १९८०च्या दशकापासून त्यांनी दाखवलं की लॅक्टेट हे टाकाऊ द्रव्य नाही, इंधन आहे. जोरात काम करणारा स्नायू ते तयार करतो आणि शेजारचे तंतू, दुसरे स्नायू, हृदय ते जाळून ऊर्जा मिळवतात. उरलेल्यातून यकृत पुन्हा ग्लुकोज बनवतं. यकृताचं हे काम कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने ब्रूक्स यांच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. पूर्ण ऑक्सिजन मिळत असतानाही लॅक्टेट बनत असतं, आत्ता हे वाचतानाही तुमच्या शरीरात बनतंय.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जीव तोडून पळताना शेवटच्या शंभर मीटरला मांड्या पेटतात, तेव्हा स्नायू खरोखरच आम्लधर्मी होतो. त्या जळजळीत हायड्रोजन आयनांचा वाटा आहे. ते आयन नेमके कुठून येतात आणि दमणुकीत त्यांचा हिस्सा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. २००१ साली डेन्मार्कमधल्या नील्सन आणि सहकाऱ्यांना तर उंदरांच्या स्नायूंत उलटंच दिसलं: पोटॅशियममुळे मंदावलेली ताकद लॅक्टिक ॲसिडने परत आली. पण वाद कितीही असला तरी तो त्या मिनिटांपुरता आहे. मंगळवारच्या जिन्याशी त्याचा संबंध नाही.

प्रशिक्षक बोटाला टोचून लॅक्टेट मोजतात, ते कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. रक्तातलं लॅक्टेट कोणत्या वेगाला झपाट्याने चढू लागतं हे कळलं की धावपटूची मर्यादा कळते. टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकणाऱ्या याकोब इंगेब्रिग्त्सेनच्या नॉर्वेतली प्रशिक्षणपद्धत या मोजणीवरच बेतलेली आहे. तिथे लॅक्टेट हा मोजमापाचा आकडा आहे, धुऊन काढायची घाण नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. मसाजने लॅक्टिक ॲसिड निघून जातं: २०१०च्या एका कॅनेडियन अभ्यासात मसाज चालू असताना स्नायूचा रक्तप्रवाह उलट कमी झाला आणि लॅक्टेट बाहेर पडणं मंदावलं, पण मालिशीने बरं वाटतं, तेवढ्यासाठी ती जरूर करा. आधी-नंतर स्ट्रेचिंग केलं की दुखत नाही: कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार फरक नगण्य आहे. अल्कलाइन पाण्याने ॲसिड मारलं जातं: ते पाणी आधी पोटातल्या आम्लात पडतं, आणि रक्ताचा सामू फुप्फुसं व मूत्रपिंडं सांभाळतात. शर्यतीत जितकं पाणी प्याल तितकं चांगलं: २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं होतं, तेव्हा तहानेप्रमाणे प्या. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली की प्रश्न सुटतो: आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात त्याच्यावर आधीच ताण असतो.

मूत्रपिंडांचा प्रश्न आला की लॅक्टिक ॲसिडचा गैरसमज निरुपद्रवी राहत नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी भरमसाट बैठका मारायला लावल्या, किंवा शिक्षा म्हणून मुलांना दोनशे उठाबशा काढायला लावल्या, तर काही वेळा स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. वैद्यकात याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. उन्हाळ्यात आणि पाणी कमी प्यायलं असताना धोका आणखी वाढतो. अशा वेळी "लॅक्टिक ॲसिड आहे, उद्या परत ये, मोकळं होईल" असं सांगणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून प्रशिक्षकांना, पीटीच्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे. नवा व्यायाम थोड्याने सुरू करा, उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नका. नेहमीचं दुखणं तीन-चार दिवसांत आपोआप उतरतं, हलकं चालत राहा. पण दुखणं सहन होईना, मांडी किंवा दंड सुजून कडक झाला, हातापायात जोर राहिला नाही, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, तर मसाजवाल्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा आणि आदल्या दिवशी किती व्यायाम केला ते डॉक्टरांना आधी सांगा.