टिंग टिंग! ऐकताय ना?

ऐंशीच्या पुढे गेलं की नवी गाडी कुरकुरते. आपण मात्र म्युझिकचा व्हॉल्यूम वाढवतो. हा आवाज आला कुठून, आणि जिथे खरा हवा तिथे तो गप्प का बसतो?

शनिवारची सकाळ, साडेसहा. दादानं खालून हॉर्न दिला. सदाशिव पेठेत या वेळी हॉर्न देणं म्हणजे समोरच्या काकांच्या खिडकीला आमंत्रणच! ती उघडायच्या आत मी पळत खाली आले. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय एकतीस, ऑफिस हिंजवडीत, गाडी नवीकोरी आणि ईएमआय सात वर्षांचा. वहिनी पुढे, मी आणि चार वर्षांची भाची मागे. प्लॅन एकदम सिंपल: दादरला काकूकडे जेवण आणि रात्री परत.

उर्से टोल मागे पडला, काटा ऐंशीच्या पुढे सरकला आणि गाडी बोलली. टिंग! थोड्या वेळानं पुन्हा टिंग! दादानं हात पुढे केला आणि गाण्याचा आवाज वाढवला. "सवय झालीय गं. आई बडबडते ना, तसं समजायचं."

मागून भाचीचा आवाज आला, "बाबा, गाडी का रागावलीय?"

दादा हसला. वहिनी हसली नाही. आणि माझ्या डोक्यात स्टोरी सुरू झाली.

हा टिंग अस्सल पुणेरी

तुमची गाडी 1 जुलै 2019 नंतर बनलेली असेल, तर हा आवाज तिच्यात आहेच. त्या तारखेपासून भारतात बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये स्पीडची वॉर्निंग सक्तीची झाली. ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर हेही त्याच पॅकेजमधलं. फंडा सोपा: ताशी 80 किलोमीटर ओलांडले की ठरावीक वेळानं टिंग, 120 ओलांडले की सलग.

गंमत म्हणजे या नियमामागचं 'एआयएस 145' हे मानक प्रसिद्ध केलं ते आपल्या पुण्यातल्या एआरएआयनं. रविवारी सकाळी ट्रॅक पँट घालून आपण ज्या टेकडीवर जातो, तिथलीच ही संस्था. म्हणजे देशभरातल्या गाड्यांत वाजणारा हा टिंग एका अर्थी पुणेकरच. टोकणारा, स्पष्ट बोलणारा आणि ज्याच्याकडे लोक कानाडोळा करतात असा!

असा आवाज आपणच आणला असंही नाही. जपानमध्ये 1986 पर्यंत गाड्यांना ताशी शंभरच्या पुढे घंटी लागायची. दुबईत राहणारा तुमचा कुणी आत्तेभाऊ असेल तर त्याला विचारा. तिकडच्या गाड्या एकशेवीसला बोलायला लागतात आणि तोही बहुधा व्हॉल्यूम वाढवतो.

गणित कुठे चुकतं?

आता जरा नीट बघा. एक्स्प्रेस-वेवर सपाट रस्त्यावर कारला ताशी 100 ची मर्यादा आहे. म्हणजे ऐंशीला गाडी टोकते तेव्हा तुम्ही अगदी कायद्यात असता. उलट 101 ते 120 या टप्प्यात तुम्ही कायदा मोडत असता आणि गाडी मात्र तोच मघाचा सौम्य टिंग करते. खंडाळ्याच्या घाटात मर्यादा 60. दादा तिथे पंचाहत्तरनं वळण घेत होता. आणि गाडी? चिडीचूप!

कारण साधं आहे. गाडीला स्वतःचा वेग कळतो, पण ती कुठल्या रस्त्यावर आहे ते कळत नाही. जो आवाज बरोबर असतानाही टोकतो आणि चूक असताना गप्प बसतो, त्याचं ऐकायचं कुणी? 

वर आपण जुगाडात मास्टर. सीट बेल्टचा आवाज बंद करायला बक्कलमध्ये खोचायची क्लिप आठवतेय? मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या क्लिप विकायला बंदी केली, तेव्हा तब्बल 13,118 लिस्टिंग काढावी लागली. आवाज कशासाठी आहे यापेक्षा तो बंद कसा करायचा, यात आपल्याला जास्त इंटरेस्ट.

टॅक्सीवाल्यांचं दुखणं वेगळंच. तिथे आवाजावर भागत नाही, थेट स्पीड गव्हर्नर. टूरिस्ट कॅब ऐंशीच्या पुढे जातच नाही. गेल्या वर्षी मुंबईला मीटिंगसाठी निघाले होते. उशीर माझ्याच आळसानं झालेला आणि "दादा, जरा दामटा ना" म्हणणारीही मीच. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "ताई, मी दाबतोय. गाडीच नाही म्हणतेय." तेव्हा चिडले होते. आता हिशेब केला. एक्स्प्रेस-वे साधारण 94.5 किलोमीटर. सगळा रस्ता शंभरनं गेलात तर 57 मिनिटं, एकशेवीसनं 47. कमाई जेमतेम दहा मिनिटं, तीही घाट आणि ट्रकची रांग नसेल तर. एवढ्या वेळात फूडमॉलवर वडापावही हातात पडत नाही!

आणि किंमत? केंद्राच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातल्या 71 टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या पुढे कारण लिहिलंय: अतिवेग.

आमच्या पेठेत काय?

तुम्ही म्हणाल, सदाशिव पेठेत राहणारीनं एक्स्प्रेस-वेच्या गप्पा कशाला माराव्यात? इथे पार्किंग मिळवणं हाच थरार, ऐंशी कुठून गाठणार!

तेच तर सांगायचंय. 31 मे 2025 ची संध्याकाळ. आमच्या पेठेत भावे हायस्कूलजवळच्या चहाच्या टपरीपाशी एक कार माणसांत घुसली. बाराजण जखमी झाले, त्यात एमपीएससी करणारी पोरंपोरी. ड्रायव्हर प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर अशीच पाच मुलं राहतात. त्या संध्याकाळी आई गॅलरीत उभी राहून ती एकेक करून घरी येताना मोजत होती. पाचवा आल्यावर ती आत आली आणि काही न बोलता तिनं कुकर लावला.

प्यायलेल्या माणसाला कुठलाच टिंग थांबवणार नाही, मान्य. पण न पिता, नुसत्या घाईत असलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय? साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, तिसात आठ. समोर कुणी आलंय हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. चहाची टपरी, अभ्यासिका आणि दुचाक्यांच्या गर्दीत साठ म्हणजे कहर. पण गाडीच्या लेखी सगळं ऑल वेल, कारण ऐंशी अजून लांब आहे.

पाटी वाचणारी गाडी

यावर तोड निघालीय. युरोपियन युनियनमध्ये 7 जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये 'इंटेलिजंट स्पीड असिस्टन्स' सक्तीचं आहे. कॅमेरा रस्त्याकडेची पाटी वाचतो किंवा नकाशावरून मर्यादा शोधतो. तुम्ही ती ओलांडली की आवाज येतो, पेडल थरथरतं किंवा पायाला हलकेच उलट ढकलतं. ड्रायव्हरला ते बंद करता येतं, पण गाडी पुन्हा सुरू केली की ते परत हजर! स्वीडननं 1999 ते 2002 मध्येच चार शहरांत हजारो गाड्यांवर याचा प्रयोग केला होता. आपल्याकडेही महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 मध्ये 2021 पासून पाट्या वाचणारा कॅमेरा मिळू लागला.

आता अडचण ऐका. कॅमेरा वाचणार, पण पाटी दिसायला हवी ना! वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलेली पाटी त्या बिचाऱ्यानं वाचायची कशी? पुणेरी पाटीला जग हसतं, पण ती काम करते, कारण ती नेमकी असते. याच दारासमोर, याच वेळेत, हेच करू नका. वेगाच्या पाटीलाही तोच नेमकेपणा हवा, आणि गाडीतल्या आवाजालाही.

रात्री सव्वाअकरा

परत येताना टिळक रोड रिकामा होता. काटा अठ्ठावन्नवर आणि गाडी गप्प. एस.पी. कॉलेजच्या अलीकडे पाठीवर सॅक घेतलेली दोन मुलं अचानक रस्त्यात आली. दादानं करकचून ब्रेक दाबला. भाची झोपेतून दचकून उठली. मुलांनी हात दाखवला आणि ती निघून गेली. गाडीत मिनिटभर कुणीच बोललं नाही.

मग वहिनी म्हणाली, "आता का नाही वाजली ही?"

रविवारी दादानं पहिल्यांदाच गाडीचं मॅन्युअल उघडलं. सेटिंगमध्ये स्वतःचा स्पीड अलर्ट लावायची सोय होती. आता तो शहरात चाळीसला वाजतो. व्हॉल्यूम वाढवायला दादाचा हात अजून पुढे जातो, पण मागून लगेच आवाज येतो, "बाबा, गाडी रागावलीय!"

एवढं करून बघा

• गाडीच्या सेटिंगमध्ये 'स्पीड अलर्ट' शोधा. बऱ्याच गाड्यांत तो आपल्या मनासारखा लावता येतो.

• शहरासाठी वेगळा आकडा, हायवेसाठी वेगळा.

• घाटात गाडीच्या आवाजाची वाट पाहू नका. पाटी बघा.

• एक्स्प्रेस-वेवर 2024 पासून कॅमेरे बसलेत. गाडी गप्प राहिली तरी ई-चलान येतं!

• कॅबमध्ये बसलात की "जरा दामटा" म्हणू नका. घरून दहा मिनिटं आधी निघा.