बोटातली नाडी

२ नोव्हेंबर २०२५. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. हरमनप्रीत कौरनं मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला आणि भारताच्या महिला संघानं पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला! तसाच झेल आपणही घ्यावा म्हणून तुम्ही सोसायटीच्या आवारात कितीदा धावला असाल! पण चेंडू कधीकधी ओंजळीत येतच नाही. तो सरळ बोटाच्या टोकावर आदळतो. बोट ठणकतं, आणि बघावं तर शेंडा मान टाकून बसलेला. कितीही जोर लावा, वर होतच नाही.

असं का होतं? आधी एक गंमत करा. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग डाव्या हातानं घट्ट धरा आणि उजवी बोटं पेटी वाजवल्यासारखी नाचवा. मुठीत काहीतरी वळवळलं ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे बसलेत, कोपराजवळ. बोटांत स्नायू नाहीतच! स्नायूंपासून निघालेल्या पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगटातून थेट बोटांपर्यंत जातात आणि बोटं ओढतात. या दोऱ्यांचं नाव कंडरा.

चेंडूच्या फटक्यानं बोटाच्या पाठीवरची कंडरा शेंड्याजवळ सुटली, की शेंड्याला वर ओढणारं कुणी उरत नाही. यावर इलाज काय, तर एक छोटीशी पट्टी. तिला स्प्लिंट म्हणतात. शेवटचा सांधा सरळ धरून ठेवायचा, रात्रंदिवस, सहा ते आठ आठवडे. मधे एकदा जरी शेंडा वाकला तरी जुळत आलेली कंडरा पुन्हा सुटू शकते आणि दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात! म्हणून पट्टी धुवायला काढतानासुद्धा बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवतात.

तळहाताच्या बाजूची कंडरा मांज्यानं किंवा काचेनं कापली, तर मामला फार अवघड. लेंग्याची नाडी नेफ्यातून जाते, तशी ही कंडरा बोटातल्या अरुंद नळीतून जाते. नाडी तुटली की तिचं टोक नेफ्यात आत पळतं आणि आई सेफ्टी पिन घेऊन ते शोधत बसते, हो ना? कंडरेचंही तसंच. टोक पार तळहातात सरकतं. सर्जन ते शोधून, ओढून आणतात आणि बारीक टाके घालून शिवतात.

खरी परीक्षा पुढेच. बोट जोरात हललं तर टाका तुटतो. अजिबात हललं नाही तर कंडरा नेफ्याला चिकटून बसते. करायचं काय? १९६०च्या दशकात अमेरिकेतले सर्जन हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी चक्क रबरबँड वापरला! त्याचं एक टोक नखाला, दुसरं मनगटाजवळ. बोट रुग्णानं हळूच उघडायचं, मिटायचं काम रबरबँडचं. शिवलेली कंडरा सरकली, पण तिला स्वतः जोर लावावा लागला नाही. मला ही युक्ती शस्त्रक्रियेइतकीच थोर वाटते.

आता दुसरी गंमत. कोपर टेबलावर टेका, हात उभा धरा आणि बोटं सैल सोडा. मनगट मागे झुकवा, बोटं आपोआप मिटतात. पुढे झुकवा, उघडतात. म्हणजे मनगटाच्या कोनावर कंडरेचा ताण ठरतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर हाताच्या पाठीवरून बसवलेली मोठी स्प्लिंट मनगट नेमक्या कोनात धरते आणि बोटं पूर्ण ताठ होऊ देत नाही.

ती बनताना पाहायला मिळाली तर जरूर पाहा. एका खास प्लॅस्टिकचा कडक पत्रा साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात बुडवतात. मिनिटभरात तो पोळीच्या कणकेसारखा लुसलुशीत होतो. पुसून, सोसवेल इतका निवला की थेरपिस्ट तो हातावर ठेवून तळव्यानं हळूहळू दाबत जातात. काही मिनिटांत पत्रा पुन्हा कडक, आणि आकार अगदी त्याच हाताचा! दुसऱ्या कुणाला तो नीट बसायचा नाही.

हे काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांची भारतातली पहिली शाळा १९५० साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. कमलाबाई मूळच्या एलिझाबेथ, जन्म अमेरिकेतला; लग्नानंतर त्या निंबकरांच्या घरी आल्या आणि इथल्याच झाल्या.

शिवलेल्या कंडरेला पुरती ताकद यायला सुमारे बारा आठवडे लागतात. तेव्हा बोटाचा शेंडा लोंबकळला तर ओढून बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि दोस्त स्प्लिंट लावून मैदानात आला, तर 'काढून दाखव ना' असं म्हणू नका. बोट बरं होईपर्यंत त्याला धावा मोजायला बसवा.