टेंट कुठे लावायचा?

सेमिस्टर संपली की हॉस्टेलवर कोकण ट्रिपचे प्लॅन सुरू होतात. संभाजीनगरहून पुणे, ताम्हिणी, माणगाव करत मुरूड-काशीद गाठायचं. एका हाताला फणसाडचं जंगल, दुसऱ्या हाताला समुद्र. टेंट असला की लॉजचा खर्चही वाचतो. पण मित्रांनो, जायकवाडीचं पाणी रात्रीतून अंगावर येत नाही, समुद्राचं येतं!

भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत ओढतात, म्हणून उधाण. तेव्हा पाणी जवळजवळ एक मजला चढतं. कोळ्यांचं गणित सोपं आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसाही आणि रात्रीही. मी कॉन्व्हेंटवाला, तिथी कधी पाठ नव्हत्या. आता मेसमधलं कॅलेंडर बघूनच ट्रिप ठरवतो.

वाळूवर काटक्या-शिंपल्यांची ओळ दिसते ना, तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं. टेंट त्याच्या बराच वर, सुरूच्या बनाकडे, आणि गावात विचारूनच लावावा. ओहोटी लागली की पाण्यात उतरू नये, ती आत ओढते. मुरूडलाच १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या कॉलेज सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पोहता येत असलं तरी आधी तिथी बघा, मगच निघा.