लष्करी रेडिओ कसा लावावा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दळणवळण विस्कळीत झाले, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी बिनतारी निरोप पोचवले. लघुलहरी ऐकायची ही विद्या दुसऱ्या महायुद्धातल्या ‘आर-१०७’ या ब्रिटिश लष्करी संचावर छान शिकता येते. लातूर-नांदेडकडच्या एखाद्या शाळेला तो मिळाला, तर काय करावे?

आधी जाणत्याकडून संच तपासून घ्या. पेटी स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत झटका शिल्लक असतो, बरं का! बाहेर उंच तार ताणा, दुसरी तार ओल्या जमिनीत गाडा. कळ दाबल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर थांबा.

१.२ ते १७.५ मेगाहर्ट्झचा पल्ला तीन पट्ट्यांत वाटलेला आहे. ७ च्या आसपास काटा न्या. दिवसा जवळपासचे हौशी बोलताना सापडतील. रात्री तिथेच दूरदेशीचे आवाज येतील. बोलणे बदकाच्या बडबडीसारखे वाटले, तर बी. एफ. ओ. ची कळ लावा, ‘गेन’ कमी करा आणि काटा केसभर सरकवा. शब्द उमटतील.

गुरुजी, ऐकलेले वेळेसह मुलांना वहीत टिपू द्या. कान तयार असला, की अडीनडीचा निरोप हुकत नाही.