बकरीच्या गव्हाणीत जे, तेच मुलांच्या पेल्यात

वर्धा जिल्ह्याला बकरीच्या दुधाची ओळख जुनी आहे. सेवाग्रामला राहणारे गांधीजी बकरीचेच दूध घेत. विदर्भाची बेरारी बकरी ही तर नोंदणी झालेली स्वतंत्र जात आहे. आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरामागे दोन-चार बकऱ्या असतात. पण दाणा महागला की प्रश्न पडतो, या बेजुबान जिवांना खाऊ काय घालायचे?

उत्तर जवळच आहे. आपला जिल्हा कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. सरकीचे तेल काढले की ढेप उरते, डाळ भरडली की चुनी, मळणी झाली की कुटार. ढेप-चुनीतून बकरीला प्रथिने मिळतात, कुटारातून तंतू. दुधाची फॅट या तंतूंवरच टिकते. म्हणून दूध वाढावे या आशेने नुसती ढेप-चुनी वाढवू नये. चारा कमी पडला तर फॅट उतरते, आणि पोटात आम्ल वाढून बकरी दगावूही शकते. नवा खाऊ आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठी बकरी ते बऱ्यापैकी सोसते, लहान पिलांना मात्र सरकी ढेप देऊ नये.

खरा धोका बुरशीचा आहे. पावसाळ्यात ओल लागलेल्या ढेपेवर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. बकरीने ते खाल्ले की एका दिवसाच्या आत त्याचा अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळूनही तो जात नाही. आपल्या देशात दुधातील या अंशाची मर्यादा किलोमागे अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. खराब खाऊ थांबवला की काही दिवसांत दूध पुन्हा निर्धोक होते.

म्हणून ढेप महिनाभर पुरेल एवढीच आणावी. पोती भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावीत. कुबट वास आला, गाठी किंवा बुरशी दिसली, तर ती ढेप उन्हात वाळवून वापरू नये. विष उन्हाने जात नाही. कोंबड्यांनाही टाकू नये, त्यांना हे विष जास्तच बाधते.

पोतेभर ढेप फेकताना जीव हळहळतो, हे आम्हीही जाणतो. पण शेजारची आई आपल्या लेकरासाठी आपल्याकडून दूध नेते, तेव्हा तिचा विश्वास आपल्याकडे अमानत असतो.